तारेचं दुसरं टोक

लग्न होऊन बंगळूरला आले तेव्हा मला दोन गोष्टींची घमेंड होती. एक म्हणजे माझी मराठी शुद्ध आहे, आणि दुसरी म्हणजे मी कुणाचं ऐकून घेत नाही. पुण्यात एवढ्या भांडवलावर मुलीचं छान चालतं. बंगळूरला शेजारी कन्नड, वाणी कन्नड, रिक्षावाला कन्नड, त्यामुळे मी ऐकून घेत नाही हे कुणाला कळायचंच नाही. घरात मराठी होती, पण ती ऐकून मला पहिल्या आठवड्यात हसू आवरेना. सासरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथले. तीनशे वर्षांपूर्वी कुणी पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेत उतरला आणि परत जायचं राहून गेलं, एवढीच काय ती घराण्याची माहिती. 'हो' म्हणायचं तिथे ते 'सरी' म्हणत, 'थोडं' म्हणायचं तिथे 'स्वल्प'. "भाजीत मीठ स्वल्प कमी झालंय की," असं सासरे म्हणाले की मी ते वाक्य जसंच्या तसं आईला पत्रातून कळवायची. आई उत्तरात लिहायची, मीठ नीट घालत जा.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. घरात आम्ही तिघंच. सासूबाई माझ्या लग्नाच्या आधीच्या वर्षी गेल्या. नवरा कोरमंगलाला एका कॉम्प्युटर कंपनीत होता; सकाळी साडेआठला स्कूटरला किक मारून जायचा तो दिवेलागणीनंतरच उगवायचा. उरलो मी आणि अप्पा, म्हणजे माझे सासरे. विमानाच्या कारखान्यात लाकडी साचे करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती आणि निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. बोलणं मोजकं. दिवसभरात आमच्यात "कॉफी?" आणि "सरी" यापलीकडे काही होत नसे. मी दोन ठिकाणी नोकरीचे अर्ज केले, उत्तर आलं नाही, तेव्हा रुसून तिसरा केलाच नाही. दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून मी समोरच्या घरातल्या बाईंचं कपडे वाळत घालणं बघायची. त्या माझ्याकडे बघून हसायच्या, मी त्यांच्याकडे बघून हसायची, आणि तेवढ्या गप्पांवर दिवस मावळायचा.

तिसऱ्या की चौथ्या महिन्यात एका सकाळी अप्पा स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. आत आले नाहीत. "अम्मा, मोकळी आहेस का स्वल्प?" त्यांच्याकडे लेकीसुनांना मायेने अम्मा म्हणतात, हे मला तोवर कळलं होतं. "दोन हात पाहिजेत. माझे दोन पुरत नाहीत."

मागची खोली मी तोवर फक्त झाडायला उघडली होती. भिंतीवर विमानांचे पंख टांगलेले, काही हातभर, काही माझ्या उंचीचे, आणि मधोमध एक मोठं सपाट टेबल. अप्पा विमानं करायचे, छोटं इंजिन आणि रेडिओ बसवून खरोखर उडणारी, आणि त्यांचे पंख थर्मोकोलचे असत. थर्मोकोल सुरीने कापला तर दाणे सुटतात आणि कड फाटते. तो तापलेल्या तारेने कापायचा. त्यासाठी लाकडाची एक लांबलचक धनुकली होती, आणि तिला दोरीच्या जागी जुन्या हीटरच्या कॉइलची सरळ केलेली तार ताणून बसवलेली. तारेत वीज सोडायची, ट्रान्सफॉर्मरचं गोल बटण फिरवून ती बेताची तापवायची, लाल होऊ द्यायची नाही. थर्मोकोलच्या ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना पंखाच्या आकाराची सनमायकाची एकेक पट्टी टाचलेली असते. त्या पट्ट्यांच्या कडेवरून तार ओढत नेली की मधला पंख कापून निघतो. धनुकलीची दोन टोकं मात्र दोघांनी धरायची असतात, एकट्याने ते होत नाही.

"हिचं टोक होतं ते," अप्पा टेबलाच्या पलीकडे बोट करून म्हणाले. सासूबाईंनी वीस वर्षं ते टोक धरलं होतं. त्या गेल्यापासून त्या टेबलावर काही कापलं गेलं नव्हतं.

यातली मेख अशी की दोन्ही पट्ट्या सारख्या नसतात. पंख विमानाच्या अंगाशी रुंद आणि शेवटाला निमुळता, म्हणून अप्पांची पट्टी मोठी आणि माझी लहान. दोघांनी निघायचं एकदम आणि पोचायचंही एकदम, म्हणजे त्यांनी भरभर जायचं आणि मी रेंगाळायचं. त्यासाठी दोन्ही पट्ट्यांवर एक ते बारा अशा खुणा केलेल्या असतात. एकाने आकडे म्हणायचे, आणि आकडा कानावर पडेल तेव्हा दोघांची तार आपापल्या त्या खुणेवर असली पाहिजे. अप्पा आकडे कन्नडमध्ये म्हणत. घरी मराठी बोलत, पूजा संस्कृतात करत, पण कामातलं मोजणं कारखान्यात शिकले होते. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. तार क्षणभर थांबली तरी थर्मोकोल वितळून तिथे चर पडतो. घाई केली तर तारेचा मधला भाग मागे राहतो आणि पंखाला पोट सुटतं. वाऱ्यानेसुद्धा तार गार होते, म्हणून कापताना पंखा बंद, धुरासाठी खिडक्या तेवढ्या उघड्या. संध्याकाळी घराघरांतून दिवे लागले की व्होल्टेज पडायचं, म्हणून आमची वेळ सकाळी अकराची.

माझा पहिला पंख बघण्यासारखा होता. मी माझ्या बाराव्या खुणेवर पोचले तेव्हा अप्पा आठवर होते. निघालेली वस्तू पिळून वाळत घातलेल्या टॉवेलसारखी दिसत होती. मी ओशाळून काहीतरी उत्तर शोधत होते, कारण गप्प राहायची सवय नव्हती. अप्पांनी तो पंख डोळ्यांसमोर धरला, या टोकाकडून त्या टोकाकडे बघितलं, आणि गंभीरपणे म्हणाले, "हे विमान फक्त उजवीकडे वळेल. डावीकडे जायचं असलं तर फिरून यायचं." त्या घरात मी मोठ्याने हसले ते त्या दिवशी पहिल्यांदा. "शर्यत नाही अम्मा. निधान," ते म्हणाले. निधान म्हणजे सावकाश.

दोन महिन्यांत माझा हात बसला. कापताना आम्ही एकमेकांकडे बघत नसू, ज्याची त्याची नजर आपापल्या खुणेवर. तारेचा बारीक सुर्र आवाज, जळक्या थर्मोकोलचा उग्र वास, आणि त्यांचा संथ आवाज. बारावा आकडा झाला की ते "आयतु" म्हणत, म्हणजे झालं. मग ठोकळ्याचं वरचं कवच उचलायचं, आणि आत पंख पडलेला असायचा, पांढरा, गुळगुळीत, हाताला किंचित कोमट. तो उचलायचा मान अप्पा मला देत. मग बारीक पॉलिश पेपरने घासायचा, त्यावर डिंकाने तपकिरी कागद चिकटवायचा, आणि हे करता करता बोलायचं. सासूबाई कशा होत्या, कापताना पदर कसा खोचून घेत, बाराव्या खुणेपर्यंत श्वास कसा रोखून धरत. मी पुण्याबद्दल सांगायची आणि ते माझ्या मराठीची नक्कल करायचे. माझ्या वडिलांशीही मी आयुष्यात एवढं बोलले नव्हते. सांगायला लाज वाटत नाही, त्या दिवसांत मी सकाळी उठायची ती अकरा वाजण्यासाठी.

नवऱ्याला हे पसंत नव्हतं. तो धूर विषारी असतो, छातीत जातो, असं तो म्हणायचा, आणि ते काही खोटं नव्हतं. पण खरं कारण जुनं होतं. लहानपणी एकदा सासूबाई आजारी असताना ते टोक त्याला धरायला दिलं होतं, आणि बाहेरून मित्रांनी हाक मारली म्हणून तो ते मधेच सोडून पळाला. अप्पांनी त्याला बाहेर गाठून सगळ्या मित्रांदेखत कानाखाली वाजवली. त्यानंतर तो त्या खोलीत कधी गेला नाही. "अप्पांना माणसापेक्षा पंख प्यारा," असं तो मला म्हणाला होता. बापलेक भांडत नसत, पण एका घरात राहून एकमेकांना टाळावं कसं, हे त्या दोघांकडून शिकावं.

रविवारी सकाळी अप्पा आणि त्यांच्यासारखेच चार-पाच निवृत्त लोक हेब्बाळच्या पुढे, देवनहळ्ळीच्या रस्त्याला, एका माळावर विमानं उडवत. त्यातल्या एकाची जुनी व्हॅन होती. मी इडलीचा डबा घेऊन बरोबर जायची आणि मान दुखेपर्यंत वर बघायची. आपण कापलेला पंख आभाळात असला की तो उतरेपर्यंत डबा उघडायचं सुचत नसे. एकदा परत येताना व्हॅनमध्ये अप्पा म्हणाले, "किती दिवस नुसतं बघायचं? पुढचं विमान तुझं. मोठ्या पंखाचं करूया, हळू उडणारं. तू उडवायचं." मी वरवर नको नको म्हटलं. आतून इतकी हरखले होते की हेब्बाळचा तलाव आला आणि गेला, मला दिसलासुद्धा नाही. रात्री नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मला नाही कधी दिलं ते." मी ते मनावर घेतलं नाही.

माझ्या विमानाचा उजवा पंख सुरेख निघाला. डावा कापायला बसलो त्या दिवशी अप्पांचा उपास होता. ते नेहमीसारखे म्हणाले, ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु. मग आकडा आला नाही. मी सवयीने सहावर गेले, सातवर गेले, आणि धनुकली हातात तिरकी झाली तेव्हा वर बघितलं. अप्पांच्या हातातून टोक सुटलं होतं. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. तार ठोकळ्यातून तिरपी खाली उतरत चालली होती. मी धावत जाऊन बटण बंद केलं, त्यांना स्टुलावर बसवलं, पाणी पाजलं तर ते ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून ओघळलं. उजवा हात मांडीवर नुसता ठेवून दिल्यासारखा पडला होता. दहा मिनिटं, फार तर पंधरा. मग बोटं हलली. "आरु," ते म्हणाले. सहा. आणि स्वतःच हसले.

"चक्कर आली स्वल्प. पोटात काही नाही ना," ते म्हणाले. "त्याला सांगू नको अम्मा. तो या खोलीला कुलूप लावेल."

मी नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी सिटी मार्केटजवळच्या पॅकिंगच्या दुकानातून मी स्वतः नवा ठोकळा आणला, आणि डावा पंख आम्ही एका दमात कापला, बाराच्या बारा आकडे खणखणीत. झालं ते झालं, असं मी मनाशी म्हटलं. इथपर्यंत माझी चूक असली तर लहान होती. सासऱ्यांनी विनवलं, सुनेने ऐकलं. हे कुणाकडूनही झालं असतं.

पुढे तीन आठवडे सगळं ठीक होतं. पंखांवर कागद चढला, त्यावर मी निवडलेला पिवळा रंग चढला, इंजिन बसलं. येत्या रविवारी उडवायचं ठरलं. त्याच्या आधीच्या गुरुवारी सकाळी अप्पा कॉफी पीत होते आणि लोटा त्यांच्या हातातून निसटून फरशीवर पडला. "काय झालं, अप्पा?" त्यांनी काहीतरी उत्तर दिलं, पण शब्द एकमेकांना चिकटलेले, एकही सुटा येईना. तोंडाची उजवी बाजू खाली ओघळली होती. या वेळी वीस मिनिटं लागली, आणि या वेळी उपासही नव्हता.

बोलता यायला लागल्यावर ते हसले नाहीत. आपला उजवा हात डाव्या हातात धरून बसले. मग म्हणाले, "हे बरं नाही अम्मा. ही चक्कर नव्हे. आज तो आला की सांगूया. उद्या डॉक्टरकडे जाऊन येतो."

ते हे म्हणाले होते. मी ते इथे स्पष्ट लिहून ठेवते आहे. नवरा हे वाचेल, आणि त्याने वाचावंच.

माझ्या मनात पहिला विचार आला तो त्यांच्या हाताचा नव्हता. सांगितलं की संपलं, असं मनात आलं. नवरा त्याच दिवशी कुलूप आणेल. रविवार जाईल, तार जाईल, अकरा वाजून काही उपयोग उरणार नाही, आणि मी परत त्या खिडकीत जाऊन उभी राहीन. समोर घाबरलेला माणूस बसला होता आणि मी माझं बघत होते. म्हणाले, "अप्पा, आज गुरुवार. तीन दिवसांनी काय बिघडतंय? रविवार होऊन जाऊ दे. सोमवारी सकाळी मी स्वतः तुमच्याबरोबर येते, मग त्यालाही सांगू." लाडात येऊन म्हणाले. वर आणखी म्हणाले, "माझं विमान आहे ना ते?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं असं मला आता वाटतं, त्या वेळी तसं काही जाणवलं नव्हतं. मग म्हणाले, "सरी."

रविवार फार चांगला गेला. हे लिहायला नको वाटतं, पण गेला. वारा पडलेला, ऊन कोवळं, माळापलीकडची नाचणीची शेतं नुकती कापलेली. अप्पांनी विमान वर नेलं, सरळ केलं, आणि रेडिओची पेटी माझ्या हातात देऊन मागे उभे राहिले. "निधान. ढकलू नको. नुसतं सांग त्याला." मी बोटाने डावीकडे सांगितलं आणि तो एवढा मोठा पिवळा पंख आभाळात डावीकडे कलला. मी किंचाळले. उजवीकडे सांगितलं, ते उजवीकडे वळलं. तीन-चार मिनिटं असतील. मी अखंड ओरडत होते आणि माळावरचे सगळे म्हातारे माझ्याकडे बघून हसत होते. उतरवलं अप्पांनीच. परतताना व्हॅनमध्ये त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. उजवाच हात होता. मी मनात म्हटलं, बघ, काही झालेलं नाही, उगाच घाबरत होतो आपण.

सोमवारी सकाळी साडेसहाला ते न्हाणीघरात पडले. मी दार ठोठावत राहिले, शेवटी नवऱ्याने खांद्याने धक्के देऊन कडी तोडली. बादली भरून वाहत होती, आणि ते भिंतीला टेकून कलंडले होते. या वेळी दहा मिनिटांनी काही झालं नाही, वीस मिनिटांनीही नाही. ऑटोत त्यांचं डोकं मांडीवर घेऊन मी सारखी त्यांच्या बोटांकडे बघत होते, आता हलतील, आता हलतील. नवरा ड्रायव्हरला "बेग होगी, बेग होगी" म्हणत होता, लवकर चला म्हणून. ज्या डॉक्टरांकडे मी त्यांना घेऊन जाणार होते त्यांचा दवाखाना वाटेत लागला. तो अजून उघडला नव्हता.

हॉस्पिटलात तिसऱ्या दिवशी डॉक्टर राउंडला आले. अप्पा शुद्धीवर होते. उजवी बाजू गेली होती, वाचा पूर्ण गेली होती, पण समजत सगळं होतं, ते त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. डॉक्टरांनी पलंगाशीच आम्हाला विचारलं, "याआधी कधी असं झालं होतं का? हात लुळा पडणं, बोबडं बोलणं, आणि थोड्या वेळाने परत ठीक?"

"नाही," नवरा म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "दिवसभर तू असतेस घरी. तुला कधी काही दिसलं?"

"नाही," मी म्हणाले.

म्हणताना माझी नजर अप्पांवर होती. ती दुसरीकडे न्यायला हवी होती, नेता आली नाही. ते माझ्याकडेच बघत होते. आणि मग त्यांनी मान हलवली. उशीवरून न उचलता, एकदा इकडे, एकदा तिकडे. नाही. डॉक्टर म्हणाले, "बघा, तेही नाहीच म्हणतायत," आणि कागदावर तसं लिहिलं. ज्या माणसाला एक शब्द उच्चारता येत नव्हता त्याने माझी लाज राखायला खोटं सांगितलं. मला वाटलं होतं मी रागीट आहे, फटकळ आहे. भित्री आहे हे मला त्या पलंगाशी कळलं.

बाहेर व्हरांड्यात डॉक्टर नवऱ्याला समजावत होते. "पुष्कळदा असे लहान झटके आधी येऊन जातात. तेव्हाच आणलं तर गोळ्या सुरू करता येतात, मोठा झटका कधी कधी टळतो. तुमच्याकडे तसं काही झालंच नाही, तर तुम्ही तरी काय करणार?" बिचारे दिलासा देत होते. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि तोंडात पदर कोंबून रडले.

त्यानंतर अप्पा अडीच वर्षं जगले. मी त्यांचं सगळं केलं. भरवलं, पुसलं, दर दोन तासांनी कूस बदलली, निर्जीव हाताची बोटं एकेक करून तेलाने चोळली. नातेवाईक बघायला येत आणि म्हणत, सून असावी तर अशी, पोटच्या पोरीने केलं नसतं. मी चहा करायच्या निमित्ताने आत निघून जायची. माळावरचे म्हातारे आधी दर रविवारी येत, मग महिन्याने, मग सणावारी. आले की ते विमानांबद्दल बोलायचं टाळत, आणि अप्पा त्यांच्या तोंडाकडे वाट बघितल्यासारखे बघत राहत. मागच्या खोलीला कुणी कुलूप लावलं नाही. नुसतीच बंद राहिली.

मी सांगायचा प्रयत्न एकदा केला. नवरा अप्पांच्या पलंगावर बसून त्यांना पेपर वाचून दाखवत होता. आजारपणाने बापलेकांत एवढं तरी आलं होतं. मी धीर करून म्हटलं, "मला एक सांगायचंय. अप्पांना हे आधी..." एवढंच बोलले. अप्पांनी डाव्या हाताने उशाशी ठेवलेला स्टीलचा पेला उचलला आणि पलंगाच्या लोखंडी दांड्यावर आपटला. परत आपटला. पाणी सगळ्या चादरीवर सांडलं. नवऱ्याला वाटलं त्यांना कुठे दुखतंय, तो घाबरून छाती चोळायला लागला. मी गप्प झाले तसे ते थांबले. ओली चादर काढताना त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली. त्यांनी मला आवरलं, आणि खरं सांगते, मला ते सोयीचं वाटलं. परत कधी मी तो विषय काढला नाही.

अप्पा गेल्यावर वर्षभराने नवऱ्याच्या कंपनीने सगळ्यांची तपासणी करवली. त्याचा रक्तदाब वाढलेला निघाला. पस्तिशीसुद्धा झाली नव्हती. रविवारी दुपारी जेवताना तो ताटाकडे बघत म्हणाला, "डॉक्टर विचारत होते, वडिलांना आधी काही लक्षणं दिसली होती का. मी म्हटलं, काही नाही, सरळ कोसळले. तेच भीतीचं वाटतं गं. मलाही असंच होईल, काही न कळता."

मी भातवाढी खाली ठेवली. त्याला हे कळायलाच हवं होतं. उद्या त्याच्या हाताला मुंग्या आल्या, जीभ जड झाली, तर त्याने त्याच मिनिटाला मला सांगायला हवं होतं. आणि आता पेला आपटायला कुणी नव्हतं. मी म्हणाले, "सरळ नाही कोसळले. आधी दोनदा झालं होतं. एकदा पंख कापताना, एकदा कॉफी पिताना. दोन्ही वेळा मी समोर होते."

तो ओरडेल, ताट सरकवून उठेल असं मला वाटलं. त्याने तसं करावं असं वाटत होतं. तो उठला नाही. भात चिवडत म्हणाला, "आणि तू सांगितलं नाहीस. का? अप्पांनी सांगू नको म्हटलं होतं?"

"हो," मी म्हणाले. ते खरंच होतं. पहिल्या वेळेपुरतं खरं होतं.

"दोन्ही वेळा?"

गुरुवार, रविवार, सोमवार, सगळं माझ्या जिभेवर होतं. नाही, दुसऱ्या वेळी ते सांगूया म्हणाले होते, मी थांबवलं, एवढंच वाक्य म्हणायचं होतं.

"दोन्ही वेळा," मी म्हणाले.

त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखलं. बापावरचा जुना राग होता, अडीच वर्षांच्या आजारपणात कुठेतरी निवत आलेला. "वाटलंच मला," तो म्हणाला. "स्वतःचा जीव गेला तरी चालेल, पण ते पंख. आणि त्यात तुला गुंतवलं. कधी बदललेच नाहीत अप्पा." मग त्याने उजवा हात खरकटा म्हणून डावा माझ्या पाठीवर ठेवला आणि म्हणाला, "तुझी काय चूक गं त्यात?"

मी तो हात तसाच राहू दिला.